चि. कायद्यास, यवतमाळहून

यवतमाळ, भाद्रपद

चि. कायद्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

'चिरंजीव' लिहिलं खरं, पण जो अजून जन्मलाच नाही त्याला चिरंजीव म्हणावं का, यावर थोडा वेळ अडलो. मग म्हटलं, आमच्याकडे आज्या पोटातल्या बाळाशीही बोलतात, तसंच हे. तुझं धड नावही अजून ठरलेलं नाही. 'कंपन्यांनी धंदा करताना माणसांचे हक्क पाळलेच पाहिजेत असं बजावणारा कायदा' एवढी लांबलचक ओळख सांगावी लागते. फ्रान्समध्ये तुझा थोरला भाऊ आहे, जर्मनीत एक आहे, युरोपीय संघात एक आहे, त्याची तब्येत तोळामासाच. भारतात तू अजून मसुद्यांतच आहेस.

पत्रास कारण की, आमच्या जिल्ह्यात फवारणी चालू आहे.

आधी आमचा एक शब्द समजून घे, म्हणजे पुढचं लवकर कळेल. आमच्याकडे कीटकनाशकाला कीटकनाशक कोणी म्हणत नाही. तो शब्द कृषी केंद्राच्या पाटीवर असतो, बिलावर असतो, तोंडात नसतो. आम्ही म्हणतो औषध. पऱ्हाटीले औषध मारलं, औषध आणायले गेला, यंदा औषधाचीच उधारी फार झाली. आणि याच जिल्ह्यात कोणी आवाज खाली करून 'त्यानं औषध घेतलं' असं म्हटलं, की ऐकणारा पुढे काही विचारत नाही. एकच शब्द दोन्हीकडे चालतो. ज्याला जन्मभर औषध म्हटलं, त्याच्यापासून हात-तोंड जपायचं हे अंगवळणी पडणं सोपं नाही. कंपनीच्या भिंतीवरच्या जाहिरातीतही हिरवं शेत आणि हसरा शेतकरीच असतो. तोंडाला फडकं बांधलेला, घामाने निथळणारा, पाठीवर 15-16 लिटरचा पंप घेतलेला मजूर मी आजवर एकाही जाहिरातीत पाहिला नाही.

2017 साली काय झालं ते तुला कागदावरून कळलंच असेल, तरी इथून सांगतो. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक, दाट आणि उंच झाली होती, काही वावरांत माणसाच्या डोक्याला लागेल इतकी. बीटी कापूस आला तेव्हा बोंडअळीची चिंता मिटली असं आम्हाला सांगितलं होतं. गुलाबी बोंडअळीने ते खोटं पाडलं. शिवाय रसशोषक किडी. हवा दमट, उकाडा भयंकर, आणि औषधाचे डोस वाढत गेलेले. पीक कमरेएवढं असतं तेव्हा फवारा खाली जातो. पीक डोक्याएवढं झालं की नोझल तोंडासमोर येतं, आणि मजूर स्वतःच मारलेल्या धुक्यातून चालत जातो. ओला सदरा पाठीला चिकटतो, पंप गळका असला तर औषध पाठीवरून कमरेपर्यंत उतरतं. जुलै ते ऑक्टोबर या काळात जिल्ह्यात 800 च्या आसपास लोकांना विषबाधा झाली आणि 20 हून अधिक माणसं गेली. मळमळ, उलट्या, घेरी. काहींना दिसेनासं झालं, नजर काही दिवसांनी परत आली.

ही माणसं ज्या रुग्णालयात आली त्याचं नाव श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. वसंतराव आमच्या पुसदकडचे. महाराष्ट्रात संकरित बियाणं आणि हरितक्रांती ज्यांच्या काळात रुजली, ज्यांच्या जन्मदिवशी, 1 जुलैला, राज्यभर कृषी दिन होतो, ते. त्यांच्या नावाच्या वॉर्डांत त्या पावसाळ्यात फवारणीवाले खाटेखाटेवर होते. मी यात वसंतरावांना दोष देत नाही. नुसतं पाटीवर नजर गेली आणि मनात आलं, एवढंच.

सरकार हललं, हेही सांगायला हवं. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक बसलं. मृतांच्या कुटुंबांना 2 लाख रुपये जाहीर झाले. नोव्हेंबरात यवतमाळसह पश्चिम विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत पाच औषधांच्या विक्रीला 60 दिवसांची बंदी आली: मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट, डायफेंथ्युरॉन, प्रोफेनोफॉस व सायपरमेथ्रिनचं मिश्रण, आणि फिप्रोनिल व इमिडाक्लोप्रिडचं मिश्रण. बंदी आली तोवर कापूस वेचायला आला होता. आणि या सगळ्यात एक वाक्य बैठकीत, बातमीत, चहाच्या टपरीवर पुन्हा पुन्हा ऐकू यायचं: मजुरांनी काळजी घेतली नाही, किट घातलं नाही.

या संरक्षक किटाबद्दल मला तुझ्याशी जरा सविस्तर बोलायचं आहे.

मागे एका कृषी केंद्रात मी औषधाची बाटली मागितली, विकत घ्यायला नव्हे, वाचायला. दुकानदार ओळखीचा, हसला आणि दिली. खोक्यात घडीवर घडी घातलेलं माहितीपत्रक होतं. उलगडलं तर हातभर लांब, अनेक भाषा, आणि अक्षर इतकं बारीक की चष्मा कपाळावर चढवून कागद नाकाशी न्यावा लागला. मराठी सापडायलाच दोन मिनिटं गेली. हातमोजे, गॉगल, मास्क, अंगभर कपडे, वाऱ्याच्या दिशेने फवारा, सगळं लिहिलेलं. बाटलीवर तिरका उभा केलेला चौकोन. लाल असेल तर अतिजहाल, पिवळा म्हणजे जास्त, निळा म्हणजे मध्यम, हिरवा म्हणजे कमी. आता शेतात निळ्याला कोण भितं? हिरवा तर पिकाचाच रंग. दुकानदाराला विचारलं, यासोबत किट देता का? तो म्हणाला, "सर, किट मागते कोन? अन् देल्ली तं घालते कोन? भादव्याच्या उनात तो रेनकोट घालून तुमी चार पंप मारून दाखवा, मंग बोलू."

त्याचं म्हणणं मला टाळता आलं नाही. आणि गंमत अशी की जगातल्या जाणत्यांनी हे आधीच लिहून ठेवलं आहे. अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची कीटकनाशकांबाबत एक आचारसंहिता आहे. तिच्यात स्पष्ट म्हटलं आहे की ज्या औषधाला असं संरक्षक साहित्य लागतं जे अंगावर सोसवत नाही, महाग आहे किंवा सहज मिळत नाही, ते टाळावं, विशेषतः उष्ण हवेच्या देशांत, लहान शेतकरी आणि मजूर जिथे ते वापरणार तिथे. यवतमाळचं नाव तेवढं लिहायचं राहिलं आहे. पण ही आचारसंहिता ऐच्छिक. पाळली तर शाबासकी, नाही पाळली तर कोणी विचारत नाही. तिला दात नाहीत. दात तुला यायचे आहेत.

म्हणजे प्रश्न मजुराने किट का घातलं नाही हा नाहीच. किटाशिवाय घातक ठरणारी वस्तू, जिथे किट घातलं जाणार नाही हे आधीपासून ठाऊक आहे, तिथे विकायची का, हा आहे. हा प्रश्न बांधावर सुटत नाही. तो जिथे विक्रीचं उद्दिष्ट ठरतं त्या खोलीत सुटतो. ती खोली कधी मुंबईत असते, कधी बासेलमध्ये.

बासेल स्वित्झर्लंडमध्ये आहे, ऱ्हाइन नदीच्या काठी. सिंजेंटा कंपनीचं मुख्यालय तिथे. ज्या वर्षी आमच्याकडे हे घडलं त्याच वर्षी चीनच्या केमचायना या सरकारी कंपनीने ती 43 अब्ज डॉलरला विकत घेतली. तिचं 'पोलो' नावाचं औषध, त्यातला घटक डायफेंथ्युरॉन. हे रसायन युरोपीय संघात 2002 पासून आणि खुद्द स्वित्झर्लंडमध्ये 2009 पासून बाजारात नाही. पण आपल्या देशात जे विकायचं नाही ते दुसऱ्या देशात पाठवायला तेव्हा तिथल्या कायद्याची हरकत नव्हती. यवतमाळच्या पोलिसांच्या नोंदींत विषबाधेच्या 96 घटनांत पोलोचा उल्लेख सापडला, त्यांतल्या दोन मृत्यूंच्या. 'पब्लिक आय' या स्विस संस्थेने ते कागद बाहेर काढले. कंपनीने जबाबदारी नाकारली, आमच्याच औषधामुळे झालं याचा पुरावा नाही असं म्हटलं. हेही तुला सांगितलं पाहिजे, कारण तू आलास तर दोन्ही बाजू ऐकशील अशी माझी अपेक्षा आहे.

(पोलो म्हटलं की मला पोळाच आठवतो, काय करू. त्या वर्षी पोळा 21 ऑगस्टला होता, ऐन फवारणीत. आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते: वर्षभर जू वाहिलेल्या बैलाचा खांदा हळद-तुपाने शेकतात, चोळतात. दुसऱ्या दिवशी त्याला कामाला लावत नाहीत. पंप वाहणाऱ्या खांद्यासाठी असा कुठला सण नाही.)

मग सप्टेंबर 2020 मध्ये असं काही घडलं जे आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात पूर्वी घडलं नव्हतं. विषबाधा झालेल्यांच्या महाराष्ट्रातल्या संघटनेने 'पॅन इंडिया' ही कीटकनाशकांविरोधी संस्था, 'पब्लिक आय' आणि बर्लिनच्या एका मानवी हक्क वकील-संस्थेच्या मदतीने स्वित्झर्लंडमध्ये तक्रार नोंदवली, 51 बाधितांच्या वतीने. ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेची बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांच्या आधारे. त्यात तडजोडीची बोलणी होतात, निवाडा होत नाही. इथे तडजोडही झाली नाही. दुसरीकडे एक वाचलेला माणूस आणि दोन विधवा यांनी बासेलच्या दिवाणी न्यायालयाची वाट धरली, 2021 मध्ये दावा दाखल झाला. विचार कर. ज्यांना तहसील कार्यालयात चकरा मारून एक दाखला मिळत नाही, त्यांच्या नावाचा दावा ऱ्हाइनच्या काठी.

पैशाला मात्र परदेशाचा रस्ता आधीपासून ठाऊक आहे. आमची शकुंतला तुला माहीत नसेल. यवतमाळ ते मूर्तिजापूर, नॅरोगेज, किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या पुढाकाराने उभी राहिलेली गाडी, वऱ्हाडचा कापूस बंदराकडे आणि तिथून विलायतेला जावा म्हणून. इंग्रज गेले, तरी त्यानंतर कित्येक दशकं या रुळांची मालकी कंपनीकडेच राहिली. गाडी भारतीय रेल्वे चालवायची आणि कंपनीला मोबदला मोजायची. यवतमाळचा हिशेब समुद्रापार पोचत राहण्यात कधी अडचण आली नाही. जाब मात्र पोचत नाही. जाब विचारायचा म्हटलं की लगेच सांगतात, ती कंपनी वेगळी, ही कंपनी वेगळी, हिची ती नुसती समभागधारक.

नेमक्या त्या तक्रारीच्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये तुझ्याच जन्माचं मतदान होतं. 29 नोव्हेंबर 2020. स्विस कंपन्यांनी परदेशात केलेल्या हक्कभंगाची जबाबदारी घ्यावी, आणि नुकसान झालेल्याला स्विस न्यायालयात भरपाई मागता यावी, असा प्रस्ताव. 50.7 टक्के लोकांनी हो म्हटलं. पण तिथे लोकांचं बहुमत पुरत नाही, प्रांतांचंही लागतं. आणि प्रांतांचं मिळालं नाही. म्हणून तू तिथे बहुमताने जन्मून बहुमतानेच मेलास. त्याजागी नुसते अहवाल मागणारा एक मिळमिळीत पर्यायी कायदा आला. एक चांगली गोष्ट मात्र झाली. स्विस सरकारने 2021 पासून पाच कीटकनाशकांच्या निर्यातीवर बंदी घातली, त्यांत डायफेंथ्युरॉन आहे आणि प्रोफेनोफॉसही. आमच्याकडे 60 दिवस बंद होती त्याच यादीतली दोन.

तरी यावर फार हुरळून जाऊ नकोस. स्विस कारखान्यातून डायफेंथ्युरॉन यायचं थांबलं म्हणून आमच्या दुकानाच्या फळीवरून ते गेलं नाही. ते बनवणाऱ्या देशी कंपन्या आहेत. कोणी परदेशी सरकारने आपल्या दाराला कडी घातली तर आमच्या घरात यायचं थांबतं, असं नाही. म्हणून तू इथेच जन्मायला हवास.

आता तुझ्या भावांबद्दल. तुझ्या घराण्यातलं एक व्यंग मला त्यांच्यात दिसतं, आणि तुला ते जन्मतः असू नये म्हणून तर हे पत्र.

हे भाऊ बांगलादेशातल्या राणा प्लाझानंतर खऱ्या अर्थाने शहाणे झाले. 24 एप्रिल 2013, ढाक्याजवळ आठ मजली इमारत कोसळली, 1,100 हून अधिक माणसं गेली, बहुतेक कपडे शिवणाऱ्या बाया. ढिगाऱ्यात युरोपीय ब्रँडची लेबलं सापडली. फ्रान्सने मार्च 2017 मध्ये कायदा केला: मोठ्या कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांकडे काय चालतं ते शोधायचं, धोका लिहून काढायचा, टाळायचा आराखडा करायचा. आमच्या विषबाधेच्या जेमतेम चार महिने आधी. जर्मनीचा 1 जानेवारी 2023 पासून लागू झाला, पण त्याने बाधिताला भरपाईचा नवा हक्क दिला नाही. युरोपीय संघाचा 2024 मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी उद्योगांच्या ओरड्यामुळे त्याचं वेळापत्रक लांबवलं गेलं, अंग कातरायला सुरुवात झाली.

हे सगळे मागे वळून पाहतात. कपडा कुठून आला, कोको कुठून आला, कोबाल्ट कोणत्या खाणीतून आलं. माल जिथून येतो तिकडे त्यांची नजर लांबवर जाते. माल जिथे जातो तिकडे मात्र ती चटकन थकते. युरोपीय कायद्यात पुढच्या बाजूला वाहतूक, साठवण, वितरण एवढंच धरलं आहे. वापरणाऱ्याच्या हातात वस्तू पडली की संपलं.

आता आमच्या वावरात उभा राहून हे बघ. एक माणूस पऱ्हाटीत पंप मारतो आहे. या पऱ्हाटीचा कापूस उद्या जिनिंगमध्ये जाईल, गाठ होईल, सूत होईल, कपडा होईल, पॅरिसच्या दुकानात टांगला जाईल. त्या कपड्याकडून मागे पाहिलं तर हा माणूस तुझ्या भावाला दिसू शकतो, निदान कागदावर. पण त्याच्या पाठीवरच्या पंपातलं औषध ज्या कंपनीचं आहे, तिच्याकडून पाहिलं तर तो दिसत नाही. तिच्या साखळीची शेवटची कडी कृषी केंद्राचा गल्ला. माणूस एकच, वावर एकच, सकाळ एकच. बोंडातून पाहिलं तर हक्क आहे, बाटलीतून पाहिलं तर नाही. हे मी तुझ्या भावांच्या दुष्टपणाने झालं असं म्हणत नाही. ते ज्यांच्या घरी जन्मले त्यांच्या घरात कपडा येतो आणि औषध बाहेर जातं, एवढाच मामला आहे. आमच्या घरात उलटं आहे.

इकडे भारतात तुझी तयारी कुठवर आली ते बघितलं. 1968 चा कीटकनाशक कायदा आहे. तोही एका मोठ्या विषबाधेनंतरच आला: 1958 मध्ये केरळ आणि मद्रासमध्ये पॅराथिऑन मिसळलेल्या अन्नाने शंभरावर माणसं गेली होती. 1971 च्या नियमांत हाताळणाऱ्यांना संरक्षक कपडे, उत्पादक-वितरकांकडे उताऱ्याची औषधं, सगळं लिहिलं आहे. त्याच्या जागी नवा कायदा आणायची विधेयकं 2008 मध्ये आली, 2020 मध्ये आली. विधेयकं येतात आणि समितीत मुक्कामाला राहतात.

भोपाळ तर तुला पाठच असेल. तिथला वायू ज्या कारखान्यातून सुटला तो सेविन नावाचं कीटकनाशकच बनवत होता, हे मात्र लोक विसरतात. पुढे दिल्लीतल्या ओलियम वायुगळतीच्या खटल्यात न्यायमूर्ती भगवतींच्या पीठाने 1986 मध्ये ठरवून दिलं की घातक उद्योग चालवणाऱ्यावर त्यातून होणाऱ्या इजेची पूर्ण जबाबदारी, त्याला कोणतीही सबब नाही. केवढा मोठा विचार! पण तो कारखान्यातून निसटलेल्या विषापुरता राहिला. जे विष निसटत नाही, बाटलीत भरून, झाकण लावून, बिल फाडून बाहेर जातं, त्याचं काय?

2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे की, तू म्हणशील. त्यात सदोष वस्तूमुळे इजा झाली तर उत्पादकावर दावा करता येतो, बरोबर. पण त्याचं कलम 87 काढ. वस्तू मालकाने कामाच्या जागी वापरायला विकत घेतली असेल आणि उत्पादकाने त्या मालकाला सूचना दिल्या असतील, तर 'पुरेशा सूचना नव्हत्या' या दाव्यातून उत्पादक सुटतो. आमच्याकडे औषध शेतकरी घेतो, फवारतो मजूर. सूचना त्या हातभर कागदावर असतात, कागद खोक्यात असतो, आणि खोकं शेतकऱ्याच्या घरी फळीवर. कलम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक कारखाना असावा. पण माझ्या ओळखीचा एक फवारणीवाला मला म्हणाला होता, "कोनतं औषध होतं मले काय मालूम? मालकानं बकेटीत कालवून देल्लं, म्या पंपात भरलं." त्याने बाटली पाहिलीच नाही. त्याला पंपामागे पैसे, जितके पंप तितकी मजुरी. घाई त्याच हिशेबात बसलेली. आणि त्याचा मालक तरी कोण? चार-पाच एकरवाला, स्वतः उधारीत बुडालेला, बहुतेकदा दुसरा पंप स्वतःच्याच पाठीवर. या दोघांना एकमेकांसमोर उभं करून मोठ्यांना बाजूला होता येतं, ही त्या कलमाची करामत.

राहिल्या त्या कंपन्यांसाठीच्या 'जबाबदार वर्तनाच्या' राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना, 2019 च्या. नऊ तत्त्वं, पाचवं मानवी हक्कांचं. सेबीने बाजारातल्या पहिल्या 1000 कंपन्यांना त्याचा दरवर्षी अहवाल द्यायला लावला, 2022-23 पासून. जी कंपनी शेअर बाजारात नाही ती या जाळ्यात येत नाही. आणि व्यवसाय व मानवी हक्कांच्या राष्ट्रीय कृती आराखड्याचा एक मसुदाही कंपनी व्यवहार मंत्रालयाने काढला होता. त्याला नाव दिलं होतं 'शून्य मसुदा'. शून्याच्या पुढे गेला असता तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

मला एक धाकही आहे तुझा. तू आलास की तुझ्यामागोमाग सल्लागार येतील, लेखापरीक्षक येतील, शंभर पानी फॉर्म येतील, ज्यांत 'होय' वर टिचकी मारायची असेल. मोफत किटांचं वाटप होईल, फोटो निघतील, सामाजिक दायित्वाच्या दोन टक्क्यांत खर्च दाखवला जाईल. दान आणि देणं यांत आमच्याकडे फरक करतात. दान घेणाऱ्याने हात जोडायचे असतात. देणं मागणाऱ्याने नाही.

आम्हीही काही धुतल्या तांदळाचे नाही. दोन-तीन औषधं एकात कालवतो, कारण शेजाऱ्याने कालवली. मान्यता नसलेलं चोरटं बियाणं पेरतो. रिकामी बाटली धुऊन तिच्यात रॉकेल भरणारे मी पाहिले आहेत. कंपन्या न्यायालयात हेच बोट दाखवणार. दाखवू देत. पण पुराव्याचं ओझं कोणाच्या खांद्यावर असेल, ते तू ठरव. नवरा गेल्यावर बाईला विचारतात, कोणती बाटली, कुठलं बिल, किती पाण्यात किती मिलि? बाटली फेकलेली, बिल उधारीच्या वहीत, पाणी विहिरीतलं. या जिल्ह्यात कोणतं औषध किती गेलं, कोणत्या महिन्यात गेलं, कुठून विषबाधेच्या तक्रारी आल्या, याची माहिती एकाच ठिकाणी असते, विकणाऱ्याच्या संगणकात. तेव्हा आधी त्यालाच बोलतं कर. त्याला विचार, तुला केव्हा कळलं, कळल्यावर काय केलंस, विक्री थांबवलीस का. बाईला शेवटी विचार.

बाकी सर्व क्षेम. यायचं झालं तर रस्ता सांगून ठेवतो. वर्ध्याहून कळंबपर्यंत रेल्वे आली आहे, फेब्रुवारी 2024 पासून; पुढे यवतमाळपर्यंत अजून बसने यावं लागेल. शकुंतलेच्या भरवशावर राहू नकोस. दिवाळीत येऊ नकोस, तेव्हा सगळ्यांच्या हातात कापूस असतो आणि कोणी बोलत नाही. पोळ्याच्या पुढेमागे ये, सकाळी लवकर, घाटंजीच्या नाहीतर आर्णीच्या बाजूला, पऱ्हाटी छातीला लागली असेल तेव्हा. धुऱ्यावर एक बकेट असेल, काडीने ढवळलेली, पांढरट पाणी. शेजारी बाटली पडलेली दिसेल. ती आधी उचलून वाच.

येताना चष्मा आण. अक्षर फार बारीक आहे.

लोभ असावा.

तुझी वाट पाहणारा
एक यवतमाळकर